पी वर अडलेला दांडा

मंडळी, गेल्या काही वर्षांत आपल्या गोतावळ्यात ऑटोमॅटिक गाड्या बऱ्याच आल्या. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही, गर्दीत सारखा गिअर बदलायची कटकट नाही. गुडघे दुखणारी आमच्या वयाची मंडळीही त्यामुळे पुन्हा गाडी चालवू लागली आहेत. पण या गाड्यांबरोबर एक नवीन तक्रारही घरात आली. "गाडी चांगली आहे, पण आज सकाळी गिअरचा दांडा पी वरून हलेचना!" पुण्याहून भाच्याचा फोन येतो, नागपूरहून साडूंचा येतो, आणि बोलण्याचा सूर एकच असतो. गाडी बिघडली.

मी काही मेकॅनिक नाही. उभा जन्म शाळेत इतिहास आणि मराठी शिकवण्यात गेला. पण इतिहासाच्या मास्तराची एक खोड असते. एखादी गोष्ट अशीच का आहे, असं कोणी विचारलं की तो आधी 'कधीपासून' ते शोधायला लागतो. या दांड्याच्या बाबतीत मी तेच केलं. शोधता शोधता लक्षात आलं की दांडा पी वर अडतो तेव्हा पुष्कळदा काहीच बिघडलेलं नसतं. त्याने अडावं म्हणूनच त्याला तिथे कुलूप घातलेलं असतं. ते कुलूप कोणी आणि का घातलं, याची गोष्ट मोठी आहे, आणि ती मोटारींपेक्षा जुनी आहे.

आधी पी म्हणजे काय ते पाहू. पी म्हणजे पार्क, गाडी उभी ठेवायची जागा. दांडा पी वर नेला की गिअरबॉक्सच्या आत एक लोखंडी खिटी एका दातेरी चाकात जाऊन बसते. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असते ना, आमच्याकडचे सायकलवाले जिला 'कुत्ता' म्हणतात, तिचीच ही थोरली बहीण समजा. हे दातेरी चाक गाडीच्या चाकांशी जोडलेलं असतं, त्यामुळे खिटी बसली की गाडी जागची हलत नाही. झाली ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट म्हणजे दांड्याचं कुलूप. ते वर, दांड्याच्या बुडाशी असतं. तारेचं एक छोटं वेटोळं आणि त्यात सरकणारी एक दांडी. गाडीची किल्ली फिरवलेली असेल आणि ब्रेकवर पाय असेल, तरच त्या वेटोळ्यातून वीज खेळते, 'टक्' असा बारीक आवाज होतो आणि दांडा मोकळा होतो. ब्रेकवर पाय नसेल तर दांडा हलत नाही. कितीही जोर लावा. म्हणजे खाली चाकांना खिटी आणि वर दांड्याला कुलूप. 'पी वर अडलं' असं आपण म्हणतो तेव्हा यातलं नेमकं काय अडलं आहे, हे आधी ओळखावं लागतं. त्याकडे मी पुढे येतोच.

आता इतिहास. 'आधी एक गोष्ट करा, मगच दुसरी करू देईन' असं माणसाला ठणकावून सांगणारं कुलूप मोटारीने शोधलेलं नाही. ते रेल्वेने शोधलं. आणि रेल्वे म्हटलं की आम्हा गोंदियाकरांना वेगळं काही सांगायला नको. नागपूर-छत्तीसगढ रेल्वे 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला इथून गेली, ती मीटरगेज होती. 1887 साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली, तिने हा मार्ग घेतला, ब्रॉडगेज केला आणि पुढे कलकत्त्याकडे नेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत जबलपूरकडची आणि नागभीड-चांद्याकडची छोटी लाइन आली आणि गोंदिया जंक्शन झालं. आमचा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला 1 मे 1999 ला, पण जंक्शन त्याच्या कितीतरी आधीचं. आमच्या पिढीने छोट्या लाइनची गाडी पाहिली, सांधेवाले पाहिले आणि रेल्वेच्या केबिनमधले माणसाच्या छातीपर्यंत येणारे लोखंडी दांडेही पाहिले.

त्या केबिनमध्ये एका ओळीत कितीतरी दांडे असायचे. काही रुळांचे सांधे बदलायचे, काही सिग्नलचा हात खालीवर करायचे. पाहणाऱ्याला वाटे की केबिनमधला माणूस मनात येईल तो दांडा ओढतो आहे. तसं नसे. सांधा चुकीच्या बाजूला असेल तर त्या मार्गाच्या सिग्नलचा दांडा ओढलाच जात नसे. आणि एकदा सिग्नल दिला की मग सांध्याचा दांडा अडकून बसे. खाली जमिनीत या दांड्यांना जोडलेल्या पट्ट्या असत, त्यांना खाचा पाडलेल्या असत आणि त्या एकमेकींत अडकत. याला इंटरलॉकिंग म्हणतात. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी नावाच्या माणसाने याचं पेटंट 1856 साली घेतलं. त्याआधी सांधे वेगळे हलवत, सिग्नल वेगळा देत, आणि दोन्हींचा मेळ राखायचा तो एका माणसाच्या डोक्यात. डोकं दमलेलं असलं, झोपाळलेलं असलं की अपघात.

सॅक्सबीची युक्ती चांगली होती, पण रेल्वे कंपन्यांना ती खर्चिक वाटे. सक्ती नव्हती. ती सक्ती कशामुळे आली, ते वाचताना माझ्यासारख्या मास्तराचा जीव कासावीस होतो.

आयर्लंडमध्ये आर्मा नावाचं गाव आहे. 12 जून 1889 रोजी तिथून रविवारच्या धर्मशाळेची, म्हणजे संडे स्कूलची, सहल निघाली. आपण शाळेची सहल काढतो तशीच. मुलं, त्यांचे शिक्षक, काहींचे आईबाप, सगळे समुद्रकाठच्या वॉरनपॉइंटला निघालेले. डबे जास्त झाले, इंजिनाला चढ झेपला नाही आणि गाडी चढावर थांबली. तेव्हा असं ठरलं की गाडीचे दोन भाग करायचे, पुढचा भाग इंजिनाने वर न्यायचा आणि मग मागच्याला परत यायचं. पण त्या गाडीचे ब्रेक असे होते की डबे इंजिनापासून सोडवले की मागच्या डब्यांचे ब्रेक निकामी. मागच्या भागाला आधार राहिला तो गार्डच्या डब्यातल्या हातब्रेकचा, आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांचा. हो, दगडांचाच. आपल्याकडे चढावर बैलगाडीच्या चाकाखाली ठेवतात तसे. पुढचा भाग निघताना इंजिनाने जरासा मागे धक्का दिला, दगड चिरडले गेले, आणि मुलांनी भरलेले डबे उतारावरून मागे घरंगळत सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. 80 माणसं गेली, त्यात मुलं पुष्कळ.

त्याच वर्षी, अवघ्या काही आठवड्यांत, ब्रिटिश संसदेने कायदा केला. प्रवासी गाड्यांना असा ब्रेक हवा की डबे सुटले तर तो आपोआप लागला पाहिजे. सांधे आणि सिग्नल एकमेकांत कुलूपबंद हवेत. आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी हवी. यातल्या प्रत्येक गोष्टीची युक्ती आधीपासून माहीत होती. ती सक्तीची व्हायला मात्र मुलांचे जीव जावे लागले.

एका टप्प्यात एकच गाडी, ही शिस्त एकेरी लाइनवर कशी पाळत ते आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे, फक्त तेव्हा कळलं नाही. चालत्या गाडीतून ड्रायव्हरचा माणूस हात बाहेर काढून एक मोठी कडी झेलायचा, आठवतं? त्या कडीला चामड्याची पिशवी असे आणि पिशवीत धातूचा गोळा. दोन स्टेशनांवर दोन यंत्रं, तारेने एकमेकांशी बांधलेली. एका यंत्रातून एक गोळा बाहेर आला की तो पुन्हा कुठल्यातरी यंत्रात जाईपर्यंत दुसरा निघत नाही. गोळा हातात नाही तर ड्रायव्हरने पुढे जायचं नाही. एडवर्ड टायर या इंग्रज माणसाने 1878 साली या जातीचं यंत्र केलं, तेही 1874 च्या थॉर्प इथल्या समोरासमोरच्या टकरीनंतर. आपल्याकडे पुढे नील यांचं गोळ्याचं यंत्र घरोघर झालं, म्हणजे स्टेशनोस्टेशनी. स्टेशनमास्तर गोळा देत नाही म्हणून गाडी दहा मिनिटं उभी राहिली की डब्यातले लोक वैतागत. पण यंत्र बिघडलं आहे असं कोणी म्हणत नसे. समोरून गाडी येत असेल, एवढं सगळ्यांना कळत होतं.

हे शहाणपण रेल्वेत होतं, मोटारीत मात्र ते फार उशिरा आलं. 

अमेरिकेत जनरल मोटर्सने 1939 साली हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला आणि 1940 च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत बसवला. त्यात पी नव्हतंच! गाडी उभी करायची तर इंजिन बंद करून दांडा रिव्हर्सवर ठेवायचा, म्हणजे चाकं अडकत. पी आलं ते 1948 च्या सुमारास ब्यूइकच्या डायनाफ्लो गिअरबॉक्सबरोबर. पण त्यात खुणांचा क्रम होता पी, एन, डी, एल, आर. म्हणजे पुढे जायचा हळू गिअर आणि मागे जायचा गिअर अगदी शेजारी शेजारी. दुसऱ्या कंपनीच्या गाडीत क्रम निराळा. शेजाऱ्याची गाडी चालवायला घेतली की हात सवयीने जाई तिथे भलतंच निघे. राल्फ नेडर यांनी 1965 साली मोटार कंपन्यांवर जे गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्यात या गोंधळावरही कोरडे ओढले आहेत. 1968 पासून अमेरिकेत नियम आला. पुढे आणि मागे यांच्यामध्ये एन, म्हणजे न्यूट्रल, असलंच पाहिजे आणि दांडा गिअरमध्ये असताना इंजिन सुरूच होता कामा नये. आपल्या आजच्या गाडीत पी, आर, एन, डी असा जो क्रम दिसतो, तो तेव्हाचा.

तरी प्रश्न सुटला नाही. सत्तरच्या दशकात फोर्डच्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या की दांडा पी वर ठेवल्यासारखा दिसतो, पण नीट बसलेला नसतो, आणि माणूस खाली उतरला की गाडी आपोआप मागे जाते. सरकार आणि कंपनी यांच्यात 1980 च्या अखेरीस तडजोड झाली. 2 कोटी 30 लाख गाडीमालकांना कंपनीने एक चिकटवायची चिठ्ठी पाठवली. दांडा पी मध्ये नीट बसवा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. यंत्र न बदलता माणसाला सूचना. वर्गात फळ्यावर 'गडबड करू नये' लिहून ठेवण्यासारखंच हे. त्याने किती मुलं गप्प बसतात ते शिक्षकाला विचारा!

मग आली ऑडीची भानगड. ऑडी 5000 ही गाडी अमेरिकेत चांगली खपत होती. लोक सांगू लागले की दांडा पी वरून काढला की गाडी एकदम उसळी मारून सुटते, ब्रेक दाबला तरी थांबत नाही. गाड्या भिंतीत घुसल्या, माणसं दगावली. नोव्हेंबर 1986 मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमात हे दाखवलं आणि देशभर घबराट झाली. ऑडीचा अमेरिकेतला खप 1985 साली 74 हजार गाड्या होता, तो 1991 ला 12 हजारांवर आला.

अमेरिकन सरकारने तपास केला आणि 1989 मध्ये निष्कर्ष सांगितला. गाडीत भूत नव्हतं. बहुतेक वेळा पाय ब्रेकवर आहे असं चालवणाऱ्याला वाटे, पण तो ॲक्सिलरेटरवर असे. गाडी सुटली की माणूस घाबरून तोच पाय आणखी जोरात दाबे. यात मूर्खपणा नाही. घाईत, नव्या गाडीत, शेजारी कोणी बोलत असताना हे कोणाचंही होऊ शकतं.

कंपनीने 1987 पासून या गाड्या परत बोलावून त्यात काय बसवलं? हेच कुलूप. ब्रेकवर पाय असल्याशिवाय दांडा पी वरून हलणार नाही. विचार करून पाहा, किती साधी युक्ती आहे. दांडा काढायच्या क्षणी उजवा पाय ब्रेकवरच असला, तर तोच पाय त्याच वेळी ॲक्सिलरेटरवर असूच शकत नाही. 'लक्ष ठेवा' असं सांगत बसायचं नाही. चूक करायला वाटच ठेवायची नाही. सॅक्सबीने 1856 ला सांधेवाल्यासाठी केलं तेच. हे कुलूप बसल्यावर तक्रारी खूप कमी झाल्या, आणि हळूहळू इतर कंपन्यांनीही ते घेतलं.

पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. घरासमोर उभ्या गाडीत लहान मूल खेळतं, दांडा ओढतं आणि गाडी उतारावरून सुटते. अमेरिकेत मुलांच्या मोटार-सुरक्षेचा एक कायदा 2008 साली झाला, तो गाडी मागे घेताना दगावलेल्या एका दोन वर्षांच्या मुलाच्या नावाने आहे. त्या कायद्यानुसार 1 सप्टेंबर 2010 पासून तिथे बनणाऱ्या पी असलेल्या प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीत हे ब्रेकचं कुलूप सक्तीचं झालं. पुन्हा मुलं, पुन्हा उतार, पुन्हा कायदा. 1889 आणि 2008 मध्ये 119 वर्षांचं अंतर आहे, पण धडा एकच.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, इतिहास पुरे, दांडा हलत नाही त्याचं काय? तर आता दांडा का अडतो ते पाहू. कुलपाचं काम कळलं असेल तर हे सोपं आहे. ते कशाची वाट पाहतं आहे, एवढंच विचारायचं.

पहिलं, किल्ली खरोखर 'ऑन' आहे का? बटनाच्या गाडीत ब्रेक न दाबता बटन दाबलं तर नुसता रेडिओ आणि दिवे लागतात. दांडा मोकळा होत नाही.

दुसरं, ब्रेक पुरेसा दाबला आहे का? बंद गाडीत दोन-चार वेळा ब्रेक दाबला की पेडल कडक होतं. मग नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो.

तिसरं, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. घरातल्या कोणाला तरी गाडीमागे उभं करा आणि ब्रेक दाबा. मागचे लाल दिवे लागतात का? गाडी उभी असताना हे बघायला बाहेरचं माणूस सुरक्षित अंतरावर, जरा बाजूला उभं राहिलं पाहिजे. दिवे लागत नसतील तर ब्रेक पेडलच्या वर असलेला छोटा स्विच किंवा त्याचा फ्यूज गेला असण्याची शक्यता मोठी. पाय ब्रेकवर आहे ही बातमीच कुलपापर्यंत पोचत नाही. हा स्विच छोटा असतो आणि बदलायला सोपा. काही गाड्यांत याच्या उलटही होतं. पेडलवरचा रबर किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा झिजून गळून पडतो आणि ब्रेकचे दिवे सतत जळत राहतात. म्हणजे पाय सारखा ब्रेकवरच आहे अशी गाडीची समजूत होते. तेव्हा दांडा अडत नाही, म्हणून कोणी तक्रारही करत नाही. पण कुलूप राखणीला नसतं. अडणाऱ्या कुलपापेक्षा हे न अडणारं कुलूप जास्त धोक्याचं.

चौथं, दिवे लागतात, पण दांड्याजवळ 'टक्' होत नाही. मग वेटोळं, त्याची तार किंवा फ्यूज बघावा लागेल. दांड्याच्या फटीत चहा सांडला असेल, चिंचोके-नाणी पडली असतील तर तेही आठवून पाहावं. बॅटरी अगदी उतरली असेल तर कुलपाला वीजच नसते.

पाचवं, 'टक्' होतं, पण दांडा घट्ट बसलेला आहे आणि गाडी उतारावर आहे. इथे वरचं कुलूप सुटलेलं असतं, अडलेली असते ती खालची खिटी. हँडब्रेक न ओढता गाडी पी वर सोडली की गाडीचं सगळं वजन त्या एका खिटीवर येतं. मग ती दातांमधून निघता निघत नाही, आणि निघाली तर 'ठक्' असा मोठा आवाज करून निघते. उपाय आधीच करायचा. गाडी थांबली की ब्रेकवर पाय ठेवूनच हँडब्रेक ओढावा, पाय जरा सैल करून वजन हँडब्रेकवर येऊ द्यावं, आणि मग पी. हाजरा फॉलला किंवा दरेकशाच्या बाजूला जाल तेव्हा आठवण ठेवा.

आणि शेवटचं. बहुतेक गाड्यांत दांड्याजवळ एक छोटं झाकण असतं, त्याखाली एक खाच. हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, त्या खाचेत किल्ली किंवा पेचकस दाबला की कुलूप तेवढ्यापुरतं सुटतं. दांडा एन वर आणायचा, गाडी तिथेच सुरू करायची आणि थेट वर्कशॉपला न्यायची. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. ही खाच अडीनडीची, रोजच्या वापराची नव्हे.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. गेल्या दिवाळीत लेक-जावई आले होते, तेव्हा त्यांची गाडी आमच्या दारातच पी वर अडली. शेजारच्या मुलाने ओळखीचा एक मेकॅनिक आणला. पोरगा हुशार होता. मागचे दिवे लागत नाहीत हे त्याने लगेच पाहिलं. पण नवीन स्विच त्या दिवशी मिळणार नव्हता. तो म्हणाला, "काकाजी, कशाला थांबता? ही आतली खिटीच काढून टाकतो. मग जिंदगीत कधी अडणार नाही!"

जावई म्हणाले, "बाबा, बरंच आहे की. दोन दिवसांनी निघायचं आहे आम्हाला."

मी काही बोलायच्या आधी लेक अंगणातून म्हणाली, "आणि ही?" आमची पाच वर्षांची नात तेव्हा पुढच्या सीटवर बसून स्टिअरिंग धरून तोंडाने भर्र भर्र करत होती. आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत चांगला उतार आहे. जावयांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, आणि म्हणाले, "राहू द्या. उद्या स्विच आणू." दुसऱ्या दिवशी नागपूरहून स्विच आला आणि अर्ध्या तासात बसला. गोष्ट इतकीच.

पण 'खिटी काढून टाकतो' हे वाक्य माझ्या मनातून जाईना, कारण त्याचं एक फार मोठं रूप आपण अलीकडेच पाहिलं आहे. 2 जून 2023 च्या संध्याकाळी ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेस मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल पाहून वेगाने आली, आणि सांधा मात्र लूप लाइनकडे वळलेला होता. तिथे खनिजाने भरलेली मालगाडी उभी होती. 290 हून अधिक माणसं गेली. सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडे, हे होऊच नये म्हणून तर इंटरलॉकिंग असतं! रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दिसलं की फाटकाच्या दुरुस्तीच्या कामांत सिग्नलच्या तारा चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या. कुलूप जागेवर होतं, पण दुरुस्तीने त्यालाच खोटी बातमी दिली. ती लाइनही आमच्या गोंदियाच्या लाइनीसारखीच, जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेची. त्या रात्री टीव्हीसमोर बसलो असताना मला केबिनमधले ते न हलणारे दांडे आठवत होते.

जाता जाता आपल्याकडच्या गाड्यांबद्दल. फेब्रुवारी 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली आणि एएमटी नावाचा स्वस्त ऑटोमॅटिक गिअर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. नेहमीचाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. अशा बहुतेक गाड्यांत पी नसतंच. आर, एन, डी आणि एम, एवढंच. गाडी उभी करताना एन वर सोडून उतरलात तर तिला धरून ठेवणारा एकटा हँडब्रेक. म्हणून हँडब्रेक पुरता ओढायचा आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करायची. 1940 च्या ओल्डस्मोबिलवाल्याने करायचं तेच, नाही का? ज्यांच्या घरात एक गाडी पी ची आणि दुसरी बिनपी ची आहे, त्यांनी तर जास्तच जपावं. हात सवयीने चालतो.

असो. लेख लांबला. सांगायचं ते एवढंच की पुढच्या वेळी दांडा अडला तर त्याला शिव्या देऊ नका आणि त्याच्याशी मारामारीही करू नका. मागचे दिवे बघा, उतार बघा, स्विच बदलून घ्या. पण कुलूप काढून टाकायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा. आणि घरात लहान मूल असेल तर उभ्या गाडीची किल्ली त्याच्या हाताला लागणार नाही अशी खुंटीवर ठेवा, कुलूप कितीही चांगलं असलं तरी.